फुटबॉल मॅनेजरमध्ये खालच्या डिव्हिजनचा इंग्लिश क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमकी कोणत्या गेमसाठी?

फुटबॉल मॅनेजर २०२४ आणि फुटबॉल मॅनेजर २६, म्हणजे क्लबचा मॅनेजर होऊन खेळायच्या कॉम्प्युटर गेमच्या दोन आवृत्त्या. मधली २०२५ ची आवृत्ती आलीच नाही, गेम बनवणाऱ्या स्पोर्ट्‌स इंटरॅक्टिव्हने ती फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द केली. पैसा, करार, लोन आणि स्काउटिंग हा भाग दोन्हींत बराचसा सारखा आहे. मोठा फरक टॅक्टिकच्या पानावर दिसतो. २०२४ मध्ये प्रत्येक खेळाडूला भूमिकेसोबत डिफेन्ड, सपोर्ट किंवा अटॅक अशी ड्युटी द्यावी लागते. २६ मध्ये ड्युटी काढून टाकल्या आहेत, आणि चेंडू आपल्याकडे असतानाची रचना एक, नसतानाची दुसरी, अशा दोन रचना लावायच्या असतात.

ईए स्पोर्ट्‌स एफसीचा करिअर मोड इंग्लंडमध्ये लीग टूपर्यंतच, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंतच, उतरतो. करारातल्या बारीक कलमांचा खेळही तिथे फारसा नाही. पुढची बरीच माहिती त्याच कलमांबद्दल आहे, त्यामुळे एफसीवाल्यांना तिचा उपयोग थोडाच.

पहिल्यांदाच खेळतोय. कोणत्या लीगपासून सुरुवात करू?

लीग टू. नॅशनल लीग एक पायरी खाली म्हणून सोपी असेल, असा बहुतेकांचा समज असतो, पण प्रकरण उलटं आहे. लीग टूमध्ये २४ संघ असतात. पहिले तीन थेट वर जातात, चौथ्या ते सातव्या क्रमांकाच्या संघांतून प्ले-ऑफने आणखी एक जातो, आणि खाली मात्र दोनच येतात. चार वर, दोन खाली, इतकं उदार गणित इंग्लंडच्या वरच्या पाच पायऱ्यांत दुसरीकडे नाही. लीग वनमध्ये तीन वर जातात आणि चार खाली येतात.

नॅशनल लीगमधून फक्त विजेता थेट वर जातो आणि प्ले-ऑफमधून आणखी एक. २०२२-२३ मध्ये रेक्सहॅमने १११ गुण घेतले, नॉट्स काउंटीने १०७. एवढे गुण मिळवूनही नॉट्सला प्ले-ऑफ खेळून वर यावं लागलं. गेममध्येही तुमच्या वाट्याला असा हंगाम येऊ शकतो.

नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथ ही सहावी पायरी. मूळ गेममध्ये इतकंच खाली जाता येतं. त्याखालच्या लीग हव्या असतील तर एडिटरवर बनवलेल्या फाइल्स घालाव्या लागतात.

क्लब निवडताना काय बघायचं?

नाव आणि जर्सीचा रंग शेवटी बघा. आधी सरासरी प्रेक्षकसंख्या, मैदान क्लबच्या मालकीचं आहे की भाड्याचं, डोक्यावर किती कर्ज आहे, ट्रेनिंग आणि युथच्या सोयी कोणत्या दर्जाच्या आहेत, आणि येत्या ३० जूनला किती खेळाडूंचे करार संपतात, हे तपासा. शेवटचा आकडा मोठा असेल तर घाबरू नका. पुढच्या वर्षी संघ आपल्या मनासारखा बांधता येतो, आणि जुन्या मॅनेजरने देऊन ठेवलेले फुगलेले पगार आपोआप सुटतात.

पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये घेतलेल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सचा मोह मराठी खेळणाऱ्यांना हमखास होतो. हा क्लब २०१७-१८ चा हंगाम लीग वनमध्ये खेळला खरा, पण २०२४ आणि २६ या दोन्ही आवृत्त्यांत तो चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर, आहे. तिथलं बजेट आणि तिथल्या अपेक्षा वेगळ्या. रेक्सहॅमचंही तसंच: २०२३, २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ तीन बढत्या मिळवून तो चॅम्पियनशिपमध्ये पोहोचलाय. २०२४ च्या आवृत्तीत तो लीग टूमध्ये सापडतो, पण त्याच्या हॉलिवूडवाल्या मालकांच्या पैशांवर खेळण्यात कसोटी ती कसली?

सेव्ह (नवा डाव) सुरू करताना कोणत्या लीग लोड करू?

इंग्लंड अगदी सहाव्या पायरीपर्यंत ‘प्लेएबल’ ठेवा. स्कॉटलंड, आयर्लंड, उत्तर आयर्लंड आणि वेल्स ‘व्ह्यू ओन्ली’ चालतील. ज्या देशाची लीग लोड नसते, तिथले कमी नावाचे खेळाडू गेम बनवतच नाही, आणि आपल्याला परवडणारा माल नेमका तोच असतो. लॅपटॉप जुना असेल तर स्पेन, इटली, जर्मनी बिनधास्त काढून टाका. पहिली काही वर्षं तिथून तुम्ही कुणालाच आणणार नाही. डेटाबेसच्या प्रगत पर्यायांत ब्रिटन आणि आयर्लंडचे खेळाडू वेगळे जोडता येतात, ते जरूर जोडा.

मॅनेजरचा पूर्वानुभव ‘संडे लीग’ (हौशी पातळी) ठेवला तर काय होतं?

खेळाडू लवकर ऐकत नाहीत. मीटिंगमध्ये जोरात बोललात तर सीनिअर मंडळी उखडतात, आणि चांगले खेळाडू क्लबकडे येताना कां-कू करतात. तसं खेळायचंच असेल तर नोकरी लागल्या लागल्या बोर्डाकडे कोचिंग कोर्सचा खर्च मागा. नाही म्हणाले तर काही महिन्यांनी, दोन-चार सामने जिंकल्यावर पुन्हा मागा.

पहिल्या आठवड्यात काय करायचं?

खेळाडूंची यादी करार संपण्याच्या तारखेनुसार लावा आणि पगार शेजारच्या रकान्यात घ्या. पहिल्या अकरात न बसणारा पण सर्वांत जास्त पगार घेणारा खेळाडू लगेच दिसेल. त्याच्यासाठी गिऱ्हाईक शोधा. फुकट जात असेल तरी सोडा.

मग ‘रिस्पॉन्सिबिलिटीज’च्या पानावर जा. खेळाडूंचे करार, त्यांची नूतनीकरणं, युथमधल्या मुलांच्या सह्या आणि मैत्रीपूर्ण सामने स्वतःकडे घ्या. पत्रकार परिषदा असिस्टंटकडे सोपवा. ट्रेनिंगचं वेळापत्रकही सुरुवातीला त्याच्याकडे राहिलं तरी बिघडत नाही.

मैत्रीपूर्ण सामने सहा ते आठ पुरे. पहिले दोन-तीन अगदी दुबळ्या संघांशी ठेवा, म्हणजे दमही वाढतो आणि मनोबलही. एक सामना एखाद्या मोठ्या क्लबला आपल्या मैदानावर बोलावून ठेवा, तिकीटविक्रीतून हाती काही लागतं. त्या सामन्यात पाच-सहा गोल खायची तयारी असू द्या, आणि तो लीग सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात नको. मोठ्या क्लबशी ‘अ‍ॅफिलिएट’ म्हणून जोडून घेण्याची मागणीही बोर्डाकडे करता येते. त्यातून लोनवर मुलं मिळतात, कधी वर्षाकाठी थोडे पैसेही.

ऑगस्टमध्ये तिजोरी भरलेली दिसते, मार्चमध्ये खडखडाट. पैसा जातो कुठे?

कुठेही गायब होत नाही. सीझन तिकिटांचा पैसा उन्हाळ्यात एकदम जमा होतो आणि पगार मात्र वर्षभर जातात. ऑगस्टमधली शिल्लक म्हणजे पुढच्या मेपर्यंतचा शिधा. ती बघून ट्रान्सफरवर उधळपट्टी केलीत की फेब्रुवारीत बोर्ड तुमचा सर्वांत चांगला खेळाडू परस्पर विकायला काढतं.

बजेटच्या स्लायडरने ट्रान्सफरचा पैसा पगाराकडे वळवता येतो. वर्षाच्या सुरुवातीला ५२,००० पौंड वळवले तर आठवड्याला साधारण १,००० पौंड मिळतात. या पातळीवर जवळजवळ सगळा पैसा पगाराकडेच वळवा. फुकट येणारे दोन चांगले खेळाडू हे ५०,००० पौंडांना आणलेल्या एका खेळाडूपेक्षा नेहमीच भारी पडतात.

क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये (दिवाळखोरीच्या प्रक्रियेत) गेला तर इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये (ईएफएल, दुसरी ते चौथी पायरी) १२ गुण कापले जातात. लीग टूमध्ये १२ गुण म्हणजे प्ले-ऑफची जागा आणि बारावा क्रमांक यांच्यातलं अंतर. बरी या क्लबला तर ऑगस्ट २०१९ मध्ये आर्थिक कारणांवरून लीगमधून काढूनच टाकलं.

करारातली कोणती कलमं टाळायची?

खालच्या डिव्हिजनमधल्या बहुतेक सेव्हची वाट इथेच लागते, आणि दोष टॅक्टिकला दिला जातो.

सर्वांत घातक कलम बढतीनंतरच्या पगारवाढीचं. २२ खेळाडू, सरासरी पगार आठवड्याला ९०० पौंड, म्हणजे एकूण १९,८००. प्रत्येकाला बढतीवर २५ टक्के वाढ लिहून दिलीत, तर वर गेल्याच्या दिवशी आठवड्याला ४,९५० पौंड वाढले. वर्षाचे झाले २,५७,४००. आणि हा वाढीव पगार त्याच जुन्या खेळाडूंना मिळतो, ज्यातले निम्मे वरच्या लीगच्या लायकीचे नसतात. एजंट हे कलम सोडत नसेल तर टक्केवारी खाली आणा आणि करार एकाच वर्षाचा करा. त्याच वेळी घसरणीनंतर पगार कमी होण्याचं कलम मागून घ्या. आशावादी खेळाडू ते सहज कबूल करतात.

दुसरं, दर सामन्याची फी. आकडा लहान दिसतो म्हणून आपण ‘कन्फर्म’ दाबून मोकळे होतो. सामन्याला २०० पौंड म्हणजे लीगच्या ४६ सामन्यांचे ९,२००, आठवड्यावर वाटले तर साधारण १७७. म्हणजे ८०० पौंडांवर आणलेला खेळाडू खरं तर ९७७ ला पडला. पण हेच कलम उलटं वापरता येतं. वारंवार जखमी होणाऱ्या चांगल्या खेळाडूला कमी पगार आणि जास्त सामना-फी द्या. मैदानावर उतरला तरच पैसे. तिशी ओलांडलेल्या स्ट्रायकरसाठी हा सौदा उत्तम.

‘सर्वाधिक पगाराशी बरोबरी’ हे कलम कुणालाही देऊ नका. एकाला वाढवलं की दुसऱ्याचा पगार आपोआप वाढतो. ठरावीक सामन्यांनंतर करार आपोआप एक वर्ष वाढण्याचं कलम वयस्क खेळाडूंच्या बाबतीत टाळा, तरुणांच्या बाबतीत मागून घ्या. क्लबला एकतर्फी एक वर्ष वाढवण्याचा हक्क मिळत असेल तर त्यासाठी थोडा साइनिंग बोनस गेला तरी चालेल.

सहाव्या पायरीवर नॉन-कॉन्ट्रॅक्ट खेळाडू भेटतात. स्वस्त खरे, पण कोणताही क्लब येऊन एक छदामही न देता त्यांना उचलून नेतो. अशा खेळाडूने लागोपाठ तीन-चार सामने गाजवले की त्याच आठवड्यात त्याच्याशी पार्ट-टाइम करार करून टाका. शनिवारपर्यंत थांबू नका.

फुकटचे खेळाडू कधी आणि कसे घ्यायचे?

१ जुलैला हजारो खेळाडू मोकळे होतात, आणि त्या दिवशी प्रत्येकाला आपण फार मोठे खेळाडू आहोत असं वाटत असतं. लगेच हवेत ते दोन-तीनच घ्या. बाकीच्यांना ऑगस्टच्या मध्यापर्यंत तंगवा, मागणी बरीच उतरते. मधल्या काळात त्यांना ट्रायलवर बोलवा. ट्रायलचा काहीच खर्च नाही. गुणांचे झाकलेले आकडे उघडतात आणि मैत्रीपूर्ण सामन्यात खेळवूनही बघता येतं.

दोन अडचणी आधीच माहीत असू द्या. इंग्लिश क्लबच्या २४ वर्षांखालच्या खेळाडूचा करार संपला असला, पण जुन्या क्लबने त्याला नवा करार देऊ केला असेल, तर त्याच्यासाठी भरपाई द्यावी लागते. म्हणजे तो ‘फुकट’ नाही. दुसरं, करार संपायला सहा महिने उरले की बोलणी करता येतात हा नियम देशाबाहेरच्या क्लबांसाठी आहे. तुम्ही इंग्लंडमध्ये बसून स्कॉटलंड किंवा आयर्लंडमधला खेळाडू जानेवारीत पटवू शकता, शेजारच्या गावातला नाही. आयर्लंडची लीग तर कॅलेंडर वर्षात चालते, त्यामुळे तिथले बरेच करार वर्षअखेरीस संपतात. जानेवारीत माणसं कमी पडली की पहिला फोन तिकडे.

लोनवर किती जणांना आणावं?

लीगमध्ये सामन्याच्या दिवशीच्या संघात जास्तीत जास्त पाच लोनचे खेळाडू चालतात. आठ आणून ठेवलेत तर तिघांना बाहेर बसवावं लागेल, आणि त्यांचे क्लब ‘आमचा मुलगा खेळत का नाही’ म्हणून त्यांना परत बोलावतील किंवा दंड लावतील. म्हणून चार. पाचवी जागा जानेवारीसाठी मोकळी ठेवा.

प्रीमियर लीगचे क्लब आपली चांगली मुलं जुलैच्या सुरुवातीला सोडत नाहीत. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ही खरी वेळ. पगारातला वाटा शून्यापासून सुरू करा आणि वर चढा, दरमहा फी शक्यतो नकोच. खेळण्याच्या वेळेची अट मात्र नीट वाचा: ‘नियमित’ असं कबूल केलं तर खरोखर खेळवावं लागतं. गोलरक्षक, सेंटर-बॅक आणि मुख्य स्ट्रायकर असे तिन्ही लोनचे असले की मेअखेरीस संघाचा कणाच निघून जातो. लोन विंगर्ससाठी वापरा. या पातळीवर वेगवान विंगर विकत घेणं महाग आणि उसना घेणं स्वस्त.

सुनील छेत्रीला किंवा एखाद्या भारतीय खेळाडूला आणता येईल?

जवळजवळ अशक्य. २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने छेत्रीला घ्यायचं ठरवलं होतं, पण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नसल्याने इंग्लंडमध्ये काम करण्याचा परवाना मिळाला नाही. ब्रेक्झिटनंतरची पद्धत गुणांची आहे. राष्ट्रीय संघातले सामने, लीगचा दर्जा, क्लबची कामगिरी यांवर १५ गुण व्हावे लागतात, आणि भारतातल्या खेळाडूचे ते होत नाहीत. २०२३ पासून लीग वन आणि टूच्या क्लबांना गुण कमी पडणाऱ्या परदेशी खेळाडूंसाठी प्रत्येकी दोन खास जागा मिळाल्या, पण त्यांनाही अटी आहेत. त्या जागा युरोपातल्या छोट्या लीगमधल्या तरुणांसाठी राखून ठेवणं शहाणपणाचं.

बायचुंग भुतिया १९९९ मध्ये गेला तो याच पातळीवर, बरीकडून खेळायला. आज गेममध्ये ती वाट बंद आहे. इंग्लंडमध्येच वाढलेला, ब्रिटिश नागरिकत्व असलेला भारतीय वंशाचा खेळाडू मात्र बेलाशक घ्या, त्याला परवान्याची गरज नाही. आयरिश खेळाडूंनाही तो लागत नाही, पण आयर्लंडमधून आणायचा मुलगा १८ पूर्ण हवा.

खेळाडूचे कोणते आकडे बघायचे?

लीग टूमधल्या सर्वसाधारण खेळाडूचे गुण २० पैकी ९ ते १२ च्या आसपास असतात. सगळंच बरं असलेला खेळाडू इथे मिळत नाही, मिळालाच तर टिकत नाही. म्हणून एक गोष्ट जबरदस्त असलेला आणि बाकी कामचलाऊ असलेला शोधा. पेस आणि अ‍ॅक्सिलरेशन १४ च्या वर असलेला स्ट्रायकर फिनिशिंग ९ असूनही गोल करतो, कारण त्याला संधीच इतक्या मिळतात. सेंटर-बॅकला जंपिंग रीच आणि स्ट्रेंग्थ, त्यानंतर पोझिशनिंग. मध्यरक्षकाला वर्क रेट आणि स्टॅमिना. फ्लेअर, टेक्निक वगैरे तूर्त विसरा.

नॅचरल फिटनेस सगळ्यांसाठी बघा. ४६ लीग सामने, एफए कप आणि लीग कपचा किमान एकेक, ईएफएल ट्रॉफीच्या गटातले तीन. कुठेही पुढे न जाता ५१ झाले.

टॅक्टिक कोणती?

४-४-२ किंवा ४-२-३-१, आणि सूचना मोजक्या. डिसिजन्स ९ असलेल्या बचावपटूला मागून छोटे पास खेळायला लावलंत की आठवड्याला एक गोल भेट मिळतो, समोरच्याला. गोलरक्षकाला लांब किक मारू द्या. बचावफळी मध्यम उंचीवर ठेवा. एकच टॅक्टिक पक्की बसवा. दुसरी फक्त आघाडी टिकवण्यासाठी. तीन वेगवेगळ्या रचना शिकवत बसलात की ऑक्टोबरपर्यंत एकही धड बसत नाही.

कॉर्नर मात्र मन लावून बसवा. दोन उंच सेंटर-बॅक असतील तर एकाला जवळच्या पोस्टकडे धावायला लावा आणि दुसऱ्याला गोलरक्षकासमोर उभं करा. चेंडू त्याच पोस्टकडे टाका, बॉक्सच्या तोंडावर एक जण उडून आलेल्या चेंडूसाठी आणि मागे दोघे प्रतिहल्ल्यासाठी ठेवा. मागे एकच ठेवलात तर आपल्याच कॉर्नरवर गोल खाल. लांब थ्रो असलेला फुलबॅक सापडला तर त्याच्या बाकीच्या उणिवा माफ.

नोव्हेंबरपर्यंत तिसरे होतो, फेब्रुवारीत चौदावे. असं का होतं?

दमणूक. प्रेसिंग (चेंडूसाठी समोरच्यावर धावून जाणं) सर्वोच्च पातळीवर ठेवून मंगळवार-शनिवार खेळलात की ख्रिसमसनंतर पाय उचलत नाहीत. हिवाळ्यात मैदानंही खराब होतात, त्यामुळे पासिंगचा खेळ आणखी फसतो. दोन सामन्यांच्या आठवड्यात शारीरिक सराव काढून रिकव्हरी घाला, प्रेसिंग एक पायरी उतरवा, ईएफएल ट्रॉफीत राखीव खेळाडू उतरवा. शिवाय तोवर तुमचं नाव झालेलं असतं, समोरचे संघ मागे बसून खेळतात, आणि वेगवान स्ट्रायकरला धावायला जागाच उरत नाही. अशा सामन्यांत उंच टार्गेट मॅन आणि भरपूर क्रॉस.

युथमधून काही मिळतं का?

पहिली चार-पाच वर्षं फारसं नाही. मुलांची नवी तुकडी मार्चच्या सुमारास येते. हेड ऑफ युथ डेव्हलपमेंटचा स्वभाव त्या मुलांत उतरतो, म्हणून त्या पदावर निर्धार आणि व्यावसायिकता असलेला माणूस बसवा, बाकी कोचिंग थोडं कमी असलं तरी चालेल. एखादा खरोखर गुणी मुलगा निघाला तर १७ वर्षांचा होताच व्यावसायिक करार करून घ्या. युथ करारावर राहिला तर मोठी अकादमी किरकोळ भरपाईवर त्याला घेऊन जाईल.

चांगला खेळाडू विकावा की ठेवावा?

विकावा, पण मागच्या दाराने पैसे येत राहतील असा. रोख रकमेवर अडून बसण्याऐवजी पुढच्या विक्रीत २० ते ३० टक्के वाटा मागा. हा वाटा पूर्ण किमतीचा असू द्या, नफ्याचा नको. हंगाम संपेपर्यंत त्याला लोनवर परत मागून घ्या. २०१२ मध्ये फ्लीटवूडने जेमी व्हार्डीला लेस्टरला दहा लाख पौंडांना विकलं, तेही पाचव्या पायरीवरून नुकती बढती मिळालेली असताना. तुमच्याकडेही असा एखादा येतो. बोर्ड विक्रीचा किती टक्के पैसा तुम्हाला परत देतं ते आधी बघा. २० टक्केच देत असेल तर घाई करू नका.

एफए कप गांभीर्याने घ्यावा का?

हो. लीग वन आणि टूचे क्लब पहिल्या फेरीत येतात, बडे क्लब तिसऱ्या फेरीत. दोन सामने जिंकून सोडतीत बड्या क्लबच्या मैदानावरचा सामना वाट्याला आला तर तिकिटांतला वाटा आणि टीव्हीचा पैसा मिळून वर्षाचं भागतं. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासूनचे रिप्ले (बरोबरीनंतर पुन्हा खेळायचे सामने) बंद झाले. गेमच्या २०२४ च्या आवृत्तीत मात्र बरोबरी करून दुसऱ्यांदा कमाई करता येते.

नॅशनल लीगमधून वर आलो. आता आधी काय?

मैदान. नॅशनल लीगमध्ये कृत्रिम गवत चालतं, इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये नाही. हॅरोगेट टाउनने २०२० मध्ये, सटन युनायटेडने २०२१ मध्ये आणि ब्रॉमलीने २०२४ मध्ये बढती मिळाल्यावर आपलं कृत्रिम मैदान उखडून खरं गवत लावलं. तुमच्या क्लबचं मैदान तसं असेल तर हा खर्च आणि आसनक्षमतेची अट, दोन्ही धरून उन्हाळ्याचा हिशेब मांडा. त्यानंतर पार्ट-टाइम खेळाडूंना पूर्णवेळ करारावर आणा. सगळ्यांना एकदम नको. जे पुढच्या वर्षीही पहिल्या अकरात दिसतात तेवढ्यांनाच, आणि तेही बढतीच्या पगारवाढीचं कलम काढून.